काळा साबण

शुक्रवार, बारा तारीख, सकाळ

चि. ठकूस,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघा दुखतो, म्हणजे जागेवर आहे. न्हाणीघराचा गळका नळ एकदाचा दुरुस्त करून घेतला. परवा फोनवर तू दोनदा विचारलंस, "आई, गप्प का आहेस?" फोनवर मला जमत नाही. पत्रात निदान खाडाखोड करता येते.

आधी तुझ्या प्रदर्शनाबद्दल. घरोघर हिंडून लोकांच्या वापरलेल्या साबणांच्या चिपा तू मागून आणत होतीस, तेव्हा मी तुला काय काय बोलले ते तुझ्या लक्षात असेलच. शेजारच्या काकू म्हणाल्या, "यापेक्षा आमच्या न्हाणीघरालाच तिकीट लावा की," आणि मीही त्यांच्याबरोबर हसले. पण त्या अंधाऱ्या दालनात शिरले आणि हसू कुठल्या कुठे गेलं. तारांवर लटकलेल्या चिपा आणि प्रत्येकीमागे बारीकसा दिवा. कुठे बोटांचे खळगे, कुठे अडकलेला केस, कुठे नव्या वडीला चिकटवलेली जुनी चीप. ती माझी, लगेच ओळखली. छान केलं होतंस. हे मी तिथे म्हणाले नाही. कौतुक करायला मला नेहमीच उशीर होतो.

मधोमध तुझ्या बाबांचा साबण होता.

छापखान्यातली शाई त्यांच्या हातांवरून कधी पुरती गेलीच नाही. म्हणून त्यांचा साबण मी वेगळा ठेवायला लावला, खिडकीच्या कट्ट्यावर. कुणी घरी यायचं असलं की त्यांना आधी हात घासायला पाठवायची. "बाईसाहेब, शाई आहे, पाप नाही," म्हणायचे आणि मुकाट्याने जायचे. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी आल्या की हात टेबलाखाली ठेवून बसायचे. बाबा गेल्यानंतर तू ती चीप मागितलीस तेव्हा मी म्हणाले, "घेऊन जा, कट्टा तरी स्वच्छ होईल."

दालनात दोन बायका त्या साबणासमोर उभ्या होत्या. चांगल्या घरच्या, माझ्याच वयाच्या. एक म्हणाली, "शी, केवढा मळकट. कुणाच्या घरचा असेल गं?" दुसरीने माझ्याकडे बघून विचारलं, "तुमचं कुणी आहे का यात?"

"छे, ऊन होतं म्हणून आत आले," मी म्हणाले.

त्या पुढे गेल्या. माझे कान तापले होते. पर्समधली पाण्याची बाटली काढली, रुमाल भिजवला. कडेचा काळा मळ तेवढा काढावा, एवढंच मनात होतं. पण साबणच तो. पुसला तसा फेस आला, फेस पुसायला आणखी पाणी लागलं. हात थांबेना. थांबला तेव्हा बाबांच्या अंगठ्याचा खळगा, त्यातल्या शाईच्या रेघा, काहीच राहिलं नव्हतं. पिवळट, गुळगुळीत, कुणाचाही असावा असा साबण.

पुढचं तू पाहिलंस. पण सगळं नाही पाहिलंस.

व्यवस्थापकांनी दालन सांभाळणाऱ्या ताईंना बोलावलं. त्या सांगत होत्या, "साहेब, मी ओला फडका आत आणतच नाही. जमीनसुद्धा कोरडीच झाडते." तू साबणाकडे बघत होतीस. मी तुमच्या मध्ये उभी होते, ओला रुमाल कोंबलेल्या पर्सची चेन गच्च धरून. तेवढ्यावर भागलं असतं तर मी फक्त भित्री ठरले असते. पण मी तोंड उघडलं. म्हणाले, "पुसताना लक्ष नसतं या लोकांचं."

माझ्या बोलण्यावर त्यांना तिथल्या तिथे घरी पाठवलं. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला पुसताना पाहिलं होतं का, कोण जाणे. मग तू माझा दंड धरलास आणि विचारलंस, "आई, तुला बरं वाटत नाहीये का? बसतेस जरा?" त्या वेळी दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

जन्मभर मी वर्गात पोरांना उभं करून विचारत आले, "कोणी केलं ते सांगा." आता माझी पाळी आली तर माझ्या तोंडून खोटं निघालं, आणि तेही किती सहज.

ताईंच्या नोकरीचा निर्णय सोमवारी होणार, असं तू म्हणालीस. दालन उघडायच्या आधी मी दारात हजर असेन. व्यवस्थापकांना सांगेन, ताईंच्या समोर सांगेन, आणि मी कुणाची कोण हेही सांगेन. त्याआधी तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून हे पत्र आजच काकूंच्या हाती देते आहे. क्षमा मागत नाही. ती आधी ताईंची मागायला हवी. तुझ्याशी कसं बोलायचं ते मला सोमवारपर्यंतही सुचणार नाही.

पाकिटात रुमाल घातला आहे. बाबांची जी काही शाई उरली ती त्यात आहे. लावायचा तर बाबांचा साबण उतरवलास त्या रिकाम्या तारेवर लाव. नको असेल तर तुझ्याजवळ ठेव. मी तो धुतलेला नाही.

तुझी,
आणि त्या काळ्या साबणाच्या घरची,
आई