तू मशेरी लावत नव्हतीस

आई, मला भीती वाटतेय. दुसऱ्या कोणाला सांगितलं की लगेच "काय नाही होत गं, आजकाल सगळं दुर्बिणीने होतं" असं ऐकावं लागतं, म्हणून तुला सांगतेय. शुक्रवारी मला अ‍ॅडमिट व्हायचंय. भूल देऊन तोंडातून एक लांब नळी थेट लहान आतड्यापर्यंत घालणार आणि आतल्या गाठी एकेक करून कापून काढणार. नळीने नाहीच जमलं तर पोट उघडणार. नवरा कामावर गेलाय, पोरगी शाळेत आहे, आणि कामोठ्याच्या या फ्लॅटमध्ये कुकर लावून मी टेबलाशी बसलेय. तू जाऊन चोवीस वर्षं झाली आणि तुला पहिल्यांदाच काहीतरी लिहितेय. तू गेलीस तेव्हा छत्तीसची होतीस. मी अडतीसची आहे, म्हणजे आता मीच मोठी.

दहा वर्षं मलाही तेच सांगत होते गं, जे तुला सांगायचे. गॅस आहे, अ‍ॅसिडिटी आहे, बाहेरचं खाऊ नका, टेन्शन घेऊ नका. कळ आली की मी ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून उकिडवी बसायचे. अर्ध्या तासाने कळ जायची, तोंड धुऊन परत टेबलावर. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या, सोनोग्राफीत काही दिसत नाही म्हणून परत गॅसच्या गोळ्या. गेल्या महिन्यात कामावरच चक्कर येऊन पडले तेव्हा कुठे मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या पोटाच्या डॉक्टर, बाई, माझ्यापेक्षा लहानच असतील, त्यांनी पोटाला हात लावायच्या आधी म्हटलं, "तोंड उघडा बघू." टॉर्च मारला. "गालात आतून हे काळे डाग कधीपासून आहेत?" मी म्हटलं, आठवतंय तेव्हापासून, लहानपणी ओठांवरही होते, मग तिथले पुसट झाले. "घरात अजून कोणाला?" "आईला." "आई कशाने गेल्या?" "आतड्याला पीळ पडला म्हणाले होते." त्यांनी टॉर्च बंद केला आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. डॉक्टर खुर्ची जवळ ओढतात तेव्हा माणसाने घाबरावं, एवढं मला आता कळलंय.

आजाराचं नाव दोन परदेशी डॉक्टरांच्या आडनावांचं आहे, मला अजून नीट उच्चारता येत नाही. फार कमी लोकांना होतो म्हणे. आतड्यात आतून गाठी वाढत जातात. गाठ मोठी झाली की आतडं पुढे सरकताना तिला ओढतं, तिच्यासोबत स्वतःही ओढलं जातं आणि आतड्यातच शिरतं, शर्टाची बाही अर्धी उलटी होऊन बाहीतच अडकते तसं. बऱ्याचदा आपोआप सुटतं, म्हणून कळ जाते आणि सगळे म्हणतात, बघ, गॅसच होता. स्कॅनमध्ये माझ्या पोटात अशा बऱ्याच गाठी निघाल्या, त्यातली एक लिंबाएवढी. आणि ओठांवरचे, गालातले ते डाग म्हणजे या आजाराची खूण. नुसतं तोंड बघून कळण्यासारखी. एवढी वर्षं ती खूण आपल्या दोघींच्या तोंडावर होती, आणि लोकांनी तिचा काय अर्थ लावला, आठवतंय ना तुला?

मशेरी. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची आणि दातांना घासायची, दिघ्याच्या आपल्या गल्लीत निम्म्या बायका ते करायच्या. तू करत नव्हतीस, पण ओठ तुझे काळे. आत्या आली की पप्पांसमोर म्हणायची, "आमच्या दादाच्या नशिबी मशेरीवाली आली." तू हसून सोडून द्यायचीस. रबाळ्याच्या औषधाच्या कंपनीत तू पॅकिंगला होतीस, तिथे तंबाखूला सक्त बंदी. गेटवरची बाई रोज तुझं तोंड उघडायला लावून वास घ्यायची. मग तो नवा सुपरवायझर आला, त्याने वास-बिस काही घेतला नाही, ओठ बघितले आणि घरी पाठवलं.

तो दिवस मला अजून दिसतो. भर दुपारी तू घरी आली आहेस, चप्पल दारातच, आणि स्टोव्हजवळ बसून मीठ-लिंबू ओठांवर घासते आहेस. रक्त येईपर्यंत. मी दहा वर्षांची, दाराला टेकून बघते आहे. मग तू मला म्हणतेस, "ये इकडं." माझेही ओठ घासतेस. झोंबतं म्हणून मी ओरडते, तर पाठीत एक धपाटा. "रडू नको. वर्गात कोणी इचारलं तर मान खाली घालायची नाय. सांगायचं, आमच्या घरात कोणी मशेरी लावत नाय. समजलं?" पुढच्या रविवारी बाजारातून तू माझ्यासाठी गुलाबी लिपस्टिक आणलीस, गॅदरिंगला लावायला. दहा वर्षांच्या पोरीला लिपस्टिक! पप्पा किती चिडले होते. पण आई, त्याच आठवड्यात तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी तुझ्या डब्याची पिशवी उपसली होती. मशेरीची डबी शोधत होते. मला वाटलं होतं, आत्या खरं बोलते. डबी नव्हती, मिळाली ती गॅसच्या गोळ्यांची पाकिटं.

शेवटच्या वेळी कळ आली तेव्हाही सगळे म्हणाले, वायगोळा आहे. शेजारच्या काकूंनी बेंबीत हिंग भरला, ओवा दिला, नाक्यावरच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं. दोन दिवस तू गुडघे पोटाशी घेऊन पडून होतीस आणि मला सांगत होतीस, "जा, शाळेत जा, मला काय झालंय?" तिसऱ्या दिवशी रिक्षात घालून नेलं. पोट उघडलं तर आतडं काळं पडलेलं. डॉक्टर पप्पांना म्हणाले, आधी का नाही आणलंत? आधी म्हणजे कधी, हे त्यांनाही कुठे माहीत होतं. तुझं तोंड एवढ्या जणांनी उघडून बघितलं गं, पण त्यातल्या एकानेही तुला विचारलं नाही की बाई, तुझं पोट दुखतं का. मला राग येतो, आणि राग आला की तेवढा वेळ भीती कमी वाटते.

पण टिकत नाही. माझ्या पोरीला नववं लागलंय. तुझ्यासारखी हट्टी, तुझ्यासारखी जेवताना बडबड करणारी. गेल्या वर्षीपासून तिच्या खालच्या ओठावर बारीक काळे ठिपके आहेत. नवरा म्हणतो, "पेन चावते ती, शाई लागली असेल." मीही म्हणते, हो, शाई असेल. तिला आंघोळ घालताना, वेणी घालताना मी मुद्दाम तिच्या ओठांकडे बघत नाही. डॉक्टर म्हणाल्या होत्या, हा आजार आईकडून किंवा वडिलांकडून येतो, मुलाला येण्याची शक्यता निम्मी-निम्मी. लवकर कळलं तर चांगलं, लहान वयातच तपासणी सुरू करायची, गाठी लहान असतानाच काढायच्या. म्हणजे तुला जे झालं ते होऊ द्यायचं नाही. इतकं सरळ सांगितलं त्यांनी.

हे पत्र मी फाडून टाकणार आहे, कारण पुढचं नवऱ्याने वाचायला नको. त्या दिवशी तो खाली रिपोर्ट आणायला गेला होता. डॉक्टरांनी हे सगळं समजावून झाल्यावर पेन उचलून विचारलं, "तुम्हाला मुलं किती?" आणि मी म्हटलं, "नाहीत." त्यांनी तसंच लिहून घेतलं. खरं सांगते आई, त्या क्षणी मला बरं वाटलं. कागदावर ती नव्हतीच, तर तिला काही होणारच नव्हतं. आज सकाळपासून मी दोनदा डॉक्टरांचा नंबर लावला आणि रिंग वाजायच्या आत कापला.