खाच पाडलेलं पाचशे वॉनचं नाणं

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा जुन्या कोटांना नवं अस्तर लावण्याचा, आज पूर्ण शुद्धीवर आहे आणि हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने, कोणाचंही दडपण नसताना लिहिते आहे. उद्या ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ. किरकोळ असतं तर त्यांनी ते इतक्यांदा सांगितलं नसतं. लिहिता लिहिता मी दोनदा उठून गॅस बघून आले. अक्षर हललं असेल, म्हणून डोकंही हललंय असा अर्थ कोणी काढू नये.

कलम १. राहतं घर भाचा आणि भाचीच्या, म्हणजे थोरल्याच्या आणि धाकटीच्या नावावर गेल्या वर्षीच करून दिलं आहे. भाऊ-वहिनी गेल्यावर या दोघांना मीच वाढवलं. डावीकडच्या खोल्या त्याच्या, उजवीकडच्या तिच्या, मधली माझी. बँकेच्या खात्यावरही दोघांची नावं घातली आहेत. तेव्हा या कागदातून त्यांना मिळण्यासारखी एकच वस्तू उरली आहे. तिच्याबद्दल खाली येईल.

कलम २. शिलाई मशीन, इस्त्री आणि मोठी कात्री समोरच्या काजंवालीला द्यावी. ती काजं करते, मी अस्तरं लावते, आणि जन्मभर आम्ही एकमेकींच्या कामाला नावं ठेवत आलो. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांच्या हाती मात्र ती कात्री कधीही पडू नये. कापडाच्या कात्रीने त्यांनी वर्तमानपत्र कापलं, आणि वर मलाच विचारलं, "त्यात काय झालं?" काय झालं ते मी त्यांना अजून सांगते आहे.

कलम ३. नाणं. एका कोटाचं अस्तर उसवताना ते आतून घरंगळलं. कोटवाल्याला विचारलं तर म्हणाला, "ठेवा, माझ्या काय कामाचं?" एका बाजूला उडणारा पक्षी, दुसऱ्या बाजूला पाचशेचा आकडा आणि वर्ष. खिशाचे कोपरे गोल आखायला ते मापात बसलं, म्हणून खडूची खूण धरायला मी त्याच्या कडेला कानशीने खाच पाडली. पुढे कित्येक वर्षं ते खडूच्या डब्यात सुखाने राहिलं.

मग थोरल्याने मोबाइलवर काहीतरी पाहिलं. कोरियाचं नाणं, अमुक वर्षी फार थोडी पाडली, आता किंमत अफाट. डबा उघडून त्याने वर्ष वाचलं, अठ्ठ्याण्णव, आणि घरभर नाचला. धाकटीने ते चकचकीत करायला आपल्याकडे नेलं आणि भांडी घासायच्या पावडरने घासघासून आणलं. आता वर्ष निघालं अठ्ठ्याऐंशी.

"घासून आकडा बदलतो का, आत्या?" थोरला म्हणाला. "खरं हिने ठेवून घेतलं."

"दादा, तू मला चोर म्हणतोस?" एवढंच धाकटी बोलली. त्यानंतर ती त्याच्याशी बोललेली नाही.

आता दोघंही माझ्या खोलीत पाळीपाळीने येतात. त्याने आणलेला चहा मी संपवेपर्यंत ती दाराबाहेर उभी राहते, मग आपला चहा आणते. मी दोन्ही पिते आणि मला झोप येत नाही.

शेवटी मीच उठून जुन्या नाण्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने भिंग लावलं. "आजी, हा सारस. सारस म्हणजे पाचशे वॉन. अठ्ठ्याऐंशीची ढिगाने आहेत. तिकडे गेलात तर एखादं बिस्किटाचं पाकीट येईल. इथे बँकसुद्धा घेणार नाही." मग त्याने नाणं तिरपं धरलं. "हे घासलं कोणी? दुर्मीळ असतं तरी अशा घासलेल्याचा भाव पडला असता." आणि टोपलीतून तसलंच एक काढून म्हणाला, "हवं तर अजून एक न्या, फुकट." मी नेलं नाही. घरात एकच पुरेसं झालं होतं.

खडूचा मळ पहिल्या आठाच्या खालच्या गोलात, डाव्या बाजूला बसला होता, म्हणून थोरल्याला नऊ दिसला. खाच माझ्या हाताची आहे, जराशी डावीकडे तिरकी. नाणं तेच आहे. हे मी थोरल्याला सांगितलं तर म्हणाला, "खाच काय, कोणीही पाडेल." किमतीचं त्याला आता काही नाही. त्याला फक्त चूक कबूल करायची नाही. हा हट्ट त्याच्या बापाचा, आणि थोडा माझाही.

मला भीती वाटते, ती ऑपरेशनची नाही. मी गेले की मधली खोली रिकामी होईल आणि या दोघांना एकमेकांचं तोंड बघायला काही कारणच उरणार नाही. ही भीती मला एका जागी बसू देत नाही.

कलम ४. वकीलबाईंनी सांगितलं की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणून साक्षीला मी या दोघांनाच बोलावलं आहे. जो सही करणार नाही, नाणं त्याचं. दोघांनीही केली, तर नाणं काजंवालीला. तिच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. आणि थोरल्याने सही केली, तर नाणं बदललेलं नव्हतं हे त्याने मान्य केलं असं मी धरीन. तोंडाने काही बोलायची गरज नाही. दोघांनीही हे कलम वाचल्याशिवाय सही करू नये.

एवढं लिहून मी हाका मारल्या आहेत. दोघंही आली आहेत आणि एकमेकांकडे पाठ करून वाचत आहेत. मी गॅस बघून येते.

ठिकाण: मधली खोली
तारीख: ऑपरेशनचा आदला दिवस, दुपार

लिहून देणार: आत्या (सही)

साक्षीदार एक: थोरला (सही. आधी पान खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं.)

साक्षीदार दोन: धाकटी (सही. तिचं पेन उमटेना, तेव्हा दादाने आपलं पुढे केलं. तिने घेतलं.)