आजारपणाचं कलम

९ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून हे पत्र. मामीला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, पण मधे मधे ती स्वतःचं काही घालते, तेवढं वगळून ऐका.

नोकरी लागली. विद्यापीठाच्या विधी विभागात, एका वर्षाच्या करारावर. मला करारांचा कायदा शिकवायला मिळेल असं मी धरून चालले होते. विभागप्रमुखांनी हातात ठेवला तो नवाच विषय: उद्योजकता आणि व्यवसाय कौशल्य. तो घ्यायला कोणीच तयार नव्हतं, आणि नव्याने आलेल्या माणसाला विचारायची पद्धत नसते. त्यांनी स्पष्ट सांगितलं की हा प्रयोग आहे. सत्र संपेपर्यंत मुलांनी बाहेरच्या एखाद्या खऱ्या गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं काही केलं तर विषय राहील, नाहीतर विषय जाईल आणि त्याच्याबरोबर मीही.

पहिल्या तासाला मी विचारलं की तुम्हाला एखादं छोटं दुकान काढायचं झालं तर काय काय कराल. मामा, तासभर मुलं बोलत होती आणि दुकान कसं बुडेल याखेरीज एक शब्द कोणाच्या तोंडून निघाला नाही. जागेचा मालक फसवेल, भागीदार पळून जाईल, गिऱ्हाईक दावा ठोकेल, पाटी पडून कोणाचं डोकं फुटेल. घंटा झाली तेव्हा वर्गातला धंदा उघडायच्या आतच मोडीत निघालेला होता. यात सगळ्यात पुढे एक मुलगी आहे. कोणी काही बोललं की ती त्याला एक अट जोडते, म्हणून वर्ग तिला पोटकलम म्हणतो. फार हुशार आहे, आणि फार घाबरट.

दोष त्यांचा नाही. विभागाने त्यांना तीन वर्षं धोका शोधायलाच शिकवलं. तुमच्या ऑफिसात मी उमेदवारी केली तेव्हा तुम्ही मला नेमकं काय शिकवलंत, ते आठवायचा प्रयत्न करतेय. शिकवल्यासारखं काही आठवत नाही आणि आलं तर सगळं तिथेच. तेव्हा गुरुजी, दोन शब्द लिहून पाठवा.

मामीला नमस्कार. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नका, सध्या तिची गरज आहे.

आपली,
ठमू


१८ जुलै

चि. ठमूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या मामीने ते वाचताना मधे तीन सूचना घातल्या: केसांना तेल लाव, वेळेवर जेव, आणि विभागप्रमुखांशी वाद घालू नकोस. पहिल्या दोन तिच्या, तिसरीला माझा पाठिंबा आहे.

वकिली हा पेशा आहे, धंदा नाही, असं आमच्या वेळी सांगत. म्हणून मी जन्मभर कोणाला गिऱ्हाईक म्हटलं नाही. पण चहा मात्र गिऱ्हाइकासारखाच पाजला, आणि माणसाचा चहा पिऊन होईपर्यंत कागदाला हात लावला नाही. तू त्याला वेळकाढूपणा म्हणायचीस. अगं, माणूस पहिल्या घोटाला सांगतो ते त्याने घरून पाठ करून आणलेलं असतं. कप रिकामा झाल्यावर सांगतो ते खरं.

पोरांना बाहेर काढ. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, आणि तुझी पोरं काठावर बसून पाण्याची खोली मोजताहेत. जवळपासच्या दुकानदारांना विचारा की तुमचं काय अडलंय. बोलायला लाव त्यांना. न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत. पण बोलण्याआधी ऐकायला लाव, ते जास्त कठीण.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तुझी पोरं निदान दुकानाची पायरी तरी चढू देत. आमची आठवण ठेव, बाकी मागणं नाही.

तुझा,
मामा


३० ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामा, करायला गेले एक आणि झालं भलतंच. आधी सगळं सांगते, मग रागवा.

तुमचं ऐकून मुलांना बाहेर पाठवलं. विद्यापीठाच्या मागच्या रस्त्यावर कपडे दुरुस्त करून देणारं एक दुकान आहे. दोघी बायका चालवतात. नात्याच्या नाहीत, पण मुलं त्यांना थोरल्या काकू आणि धाकट्या काकू म्हणतात. थोरल्या बेतून कापतात आणि शिवतात. धाकट्या मापं घेतात, कडांना दुमडी घालतात, इस्त्री करतात आणि गिऱ्हाईक सांभाळतात. दुकान एवढंसं आहे की एकीला वळायचं असेल तर दुसरीने उठावं लागतं. शेजारचा गाळा रिकामा झाला आणि त्यांना तो हवा होता. मालक म्हणाला, सप्टेंबरअखेरपर्यंत भागीदारीचा लेखी करार दाखवा, नाहीतर गाळा दुसऱ्याला देतो. इतकी वर्षं त्यांच्यात कागदाचा एक कपटा नव्हता.

आमच्या मुलांना आनंद झाला. खरं गिऱ्हाईक, खरी गरज, आणि तीही करारच! पोटकलमने रात्रीचा दिवस करून मसुदा लिहिला. जाड, शिवलेला, कलमावर कलम. मी स्वतः वाचला आणि वर उत्तम असा शेरा दिला. चहा पाजायला मात्र आम्ही विसरलो, मामा. अर्ध्या तासात नावं, पत्ते, कामाची वाटणी विचारून घेतली आणि आलो.

त्यात एक कलम असं होतं की एक भागीदार आजारपणामुळे महिनाभरापेक्षा जास्त कामावर आली नाही, तर दुसरीला तिला भागीदारीतून काढता येईल. कुठल्याशा नमुन्यावरून घेतलेलं. आम्हाला हे ठाऊक नव्हतं की गेल्या वर्षी थोरल्यांचं मोठं ऑपरेशन झालं होतं. त्या कितीतरी महिने घरी होत्या, आणि धाकट्यांनी एकटीने दुकान ओढलं होतं.

थोरल्यांनी ते कलम वाचलं. त्यांना वाटलं की हे धाकट्यांनीच आम्हाला सांगून घालून घेतलं. त्या एवढंच म्हणाल्या की दमली होतीस तर तोंडावर सांगायचं होतंस, वकिलांकडून कशाला सांगितलंस. धाकट्यांनी खुलासा केला नाही. त्यांना त्या शब्दांचंच इतकं लागलं की गळ्यातली टेप काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि घरी गेल्या. त्या दिवसापासून दुकानात आलेल्या नाहीत. थोरल्या एकट्याच बसतात, आणि गिऱ्हाइकांवर खेकसतात.

आता वर्गाचं ऐका. मी म्हटलं, जाऊन माफी मागू या. त्यावर तासभर चर्चा झाली की माफी मागणं म्हणजे जबाबदारी कबूल करणं होईल का, आणि ती लेखी मागावी की तोंडी. पोटकलम नंतर माझ्या खोलीत येऊन खूप रडली. तिला मी काय सांगणार? शेरा माझाच होता.

विषय गेला तर जाऊ दे. पण त्या दोघींचं दुकान आमच्यामुळे मोडलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. काय करू ते लगेच कळवा.

मायेला पारखी करू नका,
ठमू


४ सप्टेंबर

चि. ठमूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रागवणार होतो, पण तुझ्या मामीने पत्र वाचता वाचता डोळ्याला पदर लावला, मग मला रागवायला जागाच उरली नाही.

माफी मागायला वकील लागत नाही. उलट वकील आडवा आला की माफी होतच नाही. उद्याच्या उद्या जा. त्या मुलीला बरोबर घे, आणि बोलू दे तिलाच. तू मधे तोंड घालू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे.

एक लक्षात घे. कागदावर आपण लिहितो, पण तो वाचणाऱ्याला आवाज ऐकू येतो समोरच्याचा. थोरल्यांना त्या कलमात तुमची पोर दिसलीच नाही, मैत्रीण दिसली. म्हणून नुसतं कलम खोडून भागणार नाही. ते तुमच्या डोक्यातून निघालं, त्यांच्यापैकी कोणीही मागितलं नव्हतं, हे दोघींना एकाच वेळी, एकाच ठिकाणी ऐकू गेलं पाहिजे. एकीला आज आणि दुसरीला उद्या सांगाल तर घोळ वाढेल.

आणि नवा करार लगेच लिहू नका. मुलांनी आधी त्या दुकानात बसावं. झाडू मारावा, बटणं लावावी, गिऱ्हाइकाची बोलणी खावी. आपल्याला कशाची भीती वाटते ते लिहिणं सोपं असतं. त्यांना कशाची वाटते, ते तिथे बसल्याशिवाय कळायचं नाही. गाळ्याच्या मालकाला मी फोन करून थोडी मुदत मागतो, नंबर पाठव. ऐकू आलं नाही तरी मागायला काय जातं!

धीर सोडू नकोस. तुझ्यावरचा लोभ तुझ्या चुकांवर अवलंबून नाही.

तुझा,
मामा


२ ऑक्टोबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामा, दुकान उघडं आहे! आधी हे सांगते, मग बाकीचं.

तुमच्या सांगण्याप्रमाणे मी आणि पोटकलम धाकट्यांच्या घरी गेलो. यायला तयार नव्हत्या. पोटकलम म्हणाली की आम्हाला तुमच्याकडून काही नको, फक्त एक गोष्ट तुम्हा दोघींसमोर सांगायची आहे, मग तुम्ही परत फिरा. आल्या, पण दुकानात थोरल्यांकडे पाठ करून बसल्या. मी तोंड मिटून कोपऱ्यात उभी राहिले. मामीला सांगा, खरंच.

ती पोर उभी राहिली आणि अडखळत सगळं बोलली. ते कलम माझं, दोघींपैकी कोणीही मला सांगितलं नव्हतं, मी एका जुन्या नमुन्यातून उचललं आणि वर फुशारकीही मारली. कोणी आजारी होतं का, एवढंसुद्धा मी विचारलं नाही. चुकले. तिने कुठेही अट जोडली नाही.

मग थोरल्यांनी धाकट्यांना विचारलं की हे खरं होतं तर त्याच दिवशी बोलली का नाहीस. मग धाकट्या जे उसळल्या! म्हणाल्या, तुझा डबा केला, तुझी औषधं आणली, तुझ्या मशीनला तेल घातलं, आणि तरी मीच खुलासा करायचा? मग थोरल्या रडल्या, मग धाकट्या, मग पोटकलम. एक गिऱ्हाईक पँटची लांबी कमी करायला आलं होतं, ते आमच्याकडे बघून निमूट परत गेलं. धाकट्यांनी डोळे पुसून त्याला रस्त्यात गाठून परत आणलं.

त्यानंतर मुलं पाळीपाळीने दुकानात बसली. गिऱ्हाईक कपड्याबद्दल तक्रार करतं तेव्हा त्याला खरं काय हवं असतं, आज नाही होणार हे हसून कसं सांगायचं, आणि कोणतं काम घ्यायचं नाही, हे सगळं मला वर्गात फळ्यावर सांगता आलं नव्हतं. आता तेच मुलांकडून ऐकते आणि फळ्यावर लिहिते. मालकाने तुमच्या फोननंतर मुदत दिली. तो म्हणाला की तुमचे मामा माझं काही ऐकूनच घेत नव्हते, म्हणून शेवटी हो म्हटलं.

नवा करार दुकानातच बसून केला. एकेक गोष्ट पोटकलम विचारायची, दोघी सांगायच्या, ती त्यांच्याच शब्दांत लिहायची. मग आजारपणाशी आलो. धाकट्या दुमडी घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या की जी धडधाकट असेल तिने दुकान चालवायचं, आणि आजारी असेल तिचा वाटा नेहमीसारखा तिच्या घरी पोचवायचा. गेल्या वर्षी केलं तसंच. पोटकलमने लिहून घेतलं, आणि सवयीने विचारलं की किती दिवस, कारण करारात मुदत लागते.

धाकट्यांनी सुई थांबवली आणि तिच्याकडे बघितलं. मुलीला एवढंही कळू नये याचं त्यांना नवल वाटलं असावं. म्हणाल्या की बरी होईपर्यंत, अजून किती.

थोरल्यांनी मशीनकडे तोंड फिरवलं आणि बराच वेळ दोरा ओवत बसल्या. पोटकलमने ते शब्द तसेच लिहिले आणि वर बघून माझ्याकडे परवानगी मागितली. मी मान हलवली. दोघींनी सह्या केल्या. गाळ्याची किल्ली मिळाली.

विभागप्रमुख दुकानात येऊन गेले, कोटाचं अस्तर दुरुस्तीला टाकून गेले. विषय पुढच्या वर्षी राहतोय, मीही. हे सगळं तुमचं आहे, मामा. आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत. तरीही मानते.

तुमच्या मायेत आहे, तिथेच राहू द्या.

आपली,
ठमू


११ ऑक्टोबर

चि. ठमूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मी सांगितलं नव्हतं.

आभार मीच मानायला हवेत. ऑफिस बंद केल्यापासून लोक माझी तब्येत विचारतात, मत कोणी विचारत नाही. तू विचारलंस आणि वापरलंसही. त्या दोघींना आणि त्या मुलीला माझा नमस्कार सांग. मुलीला म्हणावं, माझ्या उभ्या वकिलीत मी असं कलम लिहिलं नाही.

खरं सांगायचं तर कलम कच्चं आहे. मुदत नाही, व्याख्या नाही, बरी झाली हे कोणी ठरवायचं त्याचा पत्ता नाही. कोर्टात टिकायचं नाही.

पण बाळा, ते कोर्टात कधी जायचंच नाही.

तुझा, आणि तुझ्याबद्दल फार समाधानी,
मामा