पेटी क्रमांक सात

८ सप्टें. ४९
आज सकाळी आंघोळ करूनच साहेबांच्या बंगल्यावर गेलो आणि गावची पोथी माझ्याच हातांनी पेटी क्र. सातमध्ये ठेवली. बासनाची गाठ दोनदा सुटली. साहेब निवृत्त न्यायाधीश, आता कायमचे स्कॉटलंडला चालले. तिकडे जमीनजुमला, मेंढ्या, दगडी घर. बावीस वर्षं मी त्यांची जुनी पुस्तकं सांभाळली. यादीत पोथीपुढे माझंच अक्षर : 'ग्रंथपालाकडून भेट'.

१० सप्टें.
नारायणकाकांचं कार्ड. गावच्या देवळाचे पुजारी. नक्कल करून परत देतो म्हणून त्यांच्याकडूनच पोथी आणली होती. साहेबांना ती माझ्या टेबलावर दिसली, वाटलं त्यांच्यासाठीच आणली. केवढे खूश झाले. तेव्हा नोकरी नवी होती. गप्प बसलो.
काका श्रावणात अजून रिकामा चौरंग मांडतात, पोथी तोंडपाठ म्हणतात. लिहितात, "यंदा नवव्या अध्यायात अडलो. पुढचं आठवेना. लोकांनी हात जोडले. त्यांना वाटलं, अध्याय संपला."

१२ सप्टें.
बराकपूरहून कामावर येताना गाडीत जप. मन लागेना. सौ.ला कार्ड वाचून दाखवलं होतं. म्हणाली, "देवाला रोज फुलं कसली वाहता? आधी त्याची पोथी द्या."
किल्ली माझ्याकडेच आहे. गुपचूप काढून घेता येईल. पण मग साहेबांच्या घरात चोरी. त्यांनी कुणाचं काही चोरलेलं नाही.

१४ सप्टें.
सा.ना खोकला. चहा घेताना आपणहून म्हणाले, तिकडच्या थंडीत ही एक पोथी जवळ ठेवीन. वाचता येत नाही, तरी. "तू दिलेली आहे ना."
सांगायचं राहूनच गेलं.

१६ सप्टें.
पेटी क्र. सात काल दुपारीच खिदिरपूरच्या गोदीत गेली. बोट सोमवारी.
तरी आज सांगितलं. सा. खुर्चीत, मी समोर उभा. साक्षीदारासारखी नावागावापासून सुरुवात केली. मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर एवढंच, "बावीस वर्षं?"
त्यांनी हात पुढे केला. मी पेटीची किल्ली दिली. त्यांनी ती कोटाच्या खिशात टाकली. खोकले. मग यादी माझ्याकडे सरकवली.
"अक्षर कुणाचं?"
"माझं."
"मग दुरुस्त कर."
'भेट' खोडलं. लिहिलं : देवळाची. नकलेसाठी आणलेली, परत देण्याची. खाली सही केली.
"बैस" म्हणाले नाहीत. शाई वाळेपर्यंत उभाच होतो.