दोन्ही बटणं

३ मार्च
आलो एकदाचा! शिकाऊ कामगारांसाठी सरकारने हात सैल सोडला. प्रशिक्षण केंद्राला नवा रंग मिळाला आणि मला प्राचार्याची फिरती खुर्ची. योजनेचा फलक एवढा थोरला की कार्यशाळेच्या खिडक्याच झाकल्या. असो, उजेड काय कुठेही पडतो. फोरमनला सगळे मामा म्हणतात. बोटात लोखंडी अंगठी, तोंडात फुशारकी. त्यांनी पत्रा कापायचं प्रेस दाखवलं. दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच ते खाली येतं, म्हणजे हात साच्यात राहूच शकत नाही. बायको फोनवर म्हणाली, असलं एक जेवणाच्या टेबलाला बसवा, तुमचा मोबाइल तरी सुटेल.

५ मार्च
एक बाई आल्या. त्यांची लेक इथेच शिकत होती. गेल्या वर्षी याच प्रेसखाली हात तुटला, रक्त थांबलं नाही, गेली. अहवालात ‘स्वतःचा निष्काळजीपणा’. मामांना विचारलं तर हसले. म्हणाले, अहो साहेब, एका बटणात पाचर मारली की एक हात मोकळा, काम दुप्पट. पोरीला आम्हीच शिकवलं की!
आईला एकच ओळ लिहून हवी होती : तिची चूक नव्हती. मी म्हटलं, ताई, बारा तारखेला सरकारी पाहणी आहे, अनुदान पदरात पडू द्या. त्या उठल्या. म्हणाल्या, मग आता तीच शिकवेल तुम्हाला. चहा तसाच.

९ मार्च
पाहणीची रंगीत तालीम. मामांनी पाचर मारली. मी खिडकीकडे पाहिलं, तिथे फलक. पाचर उडून माझ्या पायाशी पडली, तरी बटण दाबलेलंच राहिलं. मामांचा हात —
अहवालात ‘निष्काळजीपणा’ लिहिलं. इथल्या पेनांना सवयच असावी.
बटणावर तेलकट बोटं उमटलीत. बारीक. मुलीची.

११ मार्च
मामांचंही रक्त थांबलं नाही, गेले. वीज तोडायला लावली. प्रेस चालूच आहे. उद्या पाहणी. पळून जावं? अनुदान सोडून?

१२ मार्च
पाहुण्यांची वाट बघत कार्यशाळेत एकटा. दार उघडेना. डावा हात कुणीतरी साच्यात ओढलाय. उजवा सोडलाय — लिहायला. कळलं, पोरी, कळलं.
तिची चूक नव्हती. आम्ही शिकवलं. मी लपवलं.
लिहिलं ना! आता सोड —
ती समोर. तिचे दोन्ही हात बटणांवर, अगदी नियमाप्रमाणे. तुटलेलासुद्धा.
मग मला धरलंय ते — बोटात लोखंडी अंग