गांधीबाजारातली हाक

बसवनगुडी, बंगळूर
गुरुवार, ता. १६ ऑगस्ट १९६२

ती. अहल्याक्का यांना,

वसुमतीचा वाकून नमस्कार. इकडे देवाच्या दयेने आम्ही सर्व सुखरूप आहोत. धारवाडला तुमची प्रकृती, तुमची शाळा आणि तुमच्या पहिलीतल्या मुली कशा आहेत ते कळवावे. मायन्यात या वेळी ‘गं. भा.’ घातलेलं नाही, हे तुमच्या नजरेतून सुटलं नसेल. दोनदा घातलं आणि दोन्ही कागद फाडले. दोनच अक्षरं, पण माझ्या हातून उतरेनात. का, ते तुम्हाला ठाऊक आहे.

क्षमा बरी आहे. काल पंधरा ऑगस्ट, म्हणून शेजारच्या शालनबाईंबरोबर लालबागेत फुलांचं प्रदर्शन बघून आली. एवढे मोठे गुलाब होते म्हणून हातवारे करून सांगत होती. तुमची आठवण काढत होती. मी गेले नाही. घर सोडून जाववत नाही.

यांची तब्येत उत्तम आहे. मागच्या दोन पत्रांत कळवलं तशी सुधारणा चालूच आहे. आता लहान लहान वाक्यं बोलतात, पाटीवर क्षमाचं नाव लिहितात, डॉक्टर कृष्णमूर्तींनाही फार समाधान वाटलं. तुम्ही कसलीही काळजी करू नये.

अक्का, इथवर लिहिलं आणि दूध उतू गेलं म्हणून उठले. चूल पुसून परत आले नि वरचं वाचून पाहिलं. यांच्याविषयी लिहिलेलं सगळं खोटं आहे. मागच्या दोन्ही पत्रांतलंही खोटं होतं. हा कागद मात्र फाडत नाही, असाच पाठवते, म्हणजे माझी लबाडी माझ्याच अक्षरात तुमच्याकडे राहील.

खरं असं आहे की २८ जूनला तुमची गाडी सुटली, त्यानंतर परवाच्या मंगळवारपर्यंत तुमचा भाऊ एक शब्द बोलला नाही.

तुमच्या वाटचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या वाटचं नाही, म्हणून सांगते. गेल्या दिवाळीनंतर हे सायकलवरून पडले, बैलगाडीचा बैल बुजला आणि यांचं डोकं दगडावर आपटलं. महिनाभर हॉस्पिटलात काढून घरी आले ते उजवा हात लुळा आणि वाचा गेलेली. पाच आठवडे मी न्हाऊ घातलं, भरवलं, बोट धरून अंगणात फिरवलं. संक्रांतीला तुम्ही आलात. दुसऱ्याच दिवशी पानावर सारू वाढत होतात, तर यांनी डावा हात आडवा धरला आणि म्हणाले, “साकु.”

घरात नुसती दिवाळी झाली. तुम्ही पळी टाकून यांना पोटाशी धरलंत, क्षमा नाचायला लागली. मी परसात जाऊन रडले आणि तुम्हाला वाटलं, आनंदाने. अक्का, पाच आठवडे मी वाढत होते. पानात पडेल ते हे मुकाट गिळत होते. मला नुसतं ‘साकु’, ‘पुरे’ म्हणावं एवढंही यांना सुचलं नाही, आणि तुम्ही एक पळी वाढलीत तर तोंड उघडलं! त्या एका शब्दाचा मला जो हेवा वाटला तो तिथून सुरू झाला आणि मग थांबला नाही.

बायका नवऱ्याच्या बाहेरच्या नादावर जळतात, त्यांना चार जणी कीव करणाऱ्या तरी भेटतात. मी जळले ती पन्नाशीच्या नणंदेवर, जी बिनपगारी रजा काढून माझ्याच नवऱ्यासाठी राबत होती. कुणाला सांगणार? तुम्ही पहिलीतल्या मुलीला शिकवावं तसं यांना शिकवायचात, “हयू, हे काय? तांब्या. म्हण, तांब्या.” मी स्वयंपाकघरात भांडी आपटायची. सकाळी हात धरून गांधीबाजारात न्यायचात, भाजीवालीसमोर उभं करून एकेका भाजीचं नाव वदवून घ्यायचात, आणि पिशवीभर भाजी घेऊन दोघं हसत घरी यायचात. तुम्ही यांची नखं कापलीत त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं होतं ना? ते चुकून पडलेलं नव्हतं.

मार्चमध्ये डॉक्टरांनी यांना विचारलं होतं, आठवतं? तुमच्याकडे बोट दाखवून, या कोण म्हणून, “इवरु यारु?” हे लगेच म्हणाले, “अक्का.” मग माझ्याकडे बोट. यांनी माझ्याकडे खूप वेळ पाहिलं आणि अगदी अदबीने म्हणाले, “बाई. चांगल्या बाई.” डॉक्टर हसले, तुम्ही हसलात, मीही हसले. तेरा वर्षांच्या संसारात यांनी मला कधी चांगली म्हटलं नव्हतं. म्हटलं तेव्हा परकी करून म्हटलं.

त्याच दिवशी डॉक्टरांनी बजावलं की यांना सारखं नावाने हाक मारा, माणसाला आधी स्वतःचं नाव सापडलं पाहिजे, मग बाकीची सापडतात. आणि वाचा यायची ती पहिल्या वर्षात येते, पुढे फारशी आशा धरू नका. तुमचं काय, तुम्ही जन्मापासून हयू म्हणत आलात. मी काय म्हणणार? ‘अहो’. मी दिवसाकाठी शंभर वेळा ‘अहो’ म्हणायची आणि हे भिंतीकडे बघत बसायचे. अहो म्हणजे आपण, हेच यांच्या डोक्यातून पुसून गेलं होतं. तुम्ही किती समजावलंत, “वसू, घे की गं नाव. स्वल्प लाज सोड. देव काही रागावत नाही.” मी आपली हट्टाला पेटलेली. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आईने शिकवलं होतं. एकदा मरणाच्या दारातून परत आलेला माणूस, त्याचं मी कशाला कमी करू?

ही भीती खरी होती, अक्का. पण २७ जूनला मी जे बोलले ते भीतीने नव्हे.

लिहिते. बोलताना जीभ अडखळली नाही, तर लिहिताना हात कशाला अडखळू द्यायचा? त्या दिवशी जेवताना यांनी तुम्हाला ‘अक्का, बस’ असे दोन शब्द जोडून म्हटले. पहिल्यांदाच दोन शब्द एकत्र. बसायला सांगितलं ते तुम्हाला, स्वतःशेजारी. मी पंगतीत ताक घेऊन उभीच होते. तुम्ही आनंदाच्या भरात म्हणालात, “बघ वसू, नावाची जादू! मी तर लग्न झाल्यापासून सरळ रघुपती म्हणायची.” आणि मी म्हटलं, “म्हणून तर चौतिसाव्या वर्षी गेले. माझ्या नवऱ्याचं नाव आता तरी सोडा.”

तुम्ही भांडला असतात तर बरं झालं असतं. हातातला घास पानात ठेवलात आणि “सरी”, बरं, एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक भरून, क्षमाच्या केसांवरून हात फिरवून, यांच्या पाटीवर नवी पेन्सिल ठेवून गेलात. मला “येते” म्हणालात. मी उत्तरसुद्धा दिलं नाही, कारण मला आतून हलकं हलकं वाटत होतं. घर माझं झालं होतं.

माझं झालं ते असं. हे ओट्यावर बसायचे आणि कोपऱ्यावरून कोण येतंय ते बघायचे. मी तुमच्यासारखीच पाटी घेऊन बसले, तांब्या दाखवला, पळी दाखवली. “बोला ना अहो, काय हे?” यांनी पाटी माझ्या हातातून काढून घेतली आणि उचलून माळ्यावर ठेवून दिली. रागाने नव्हे, वस्तू जागच्या जागी ठेवावी तशी. दुपारी क्षमा शाळेतून आली की तिच्याशी हसतात, पण बोलत नाहीत. पोर मला एकदा म्हणाली, “आई, आत्या असताना अप्पा बोलायचे.” मी तिला थप्पड मारली.

आणखी एक. यांच्या नावाने तुम्ही पाठवलेली तीन पत्रं मी यांना दिली नाहीत. दुरेघी कागदावर, पहिलीच्या पुस्तकासारख्या मोठ्या अक्षरात, ‘हयू, मी अक्का. तू जेवलास का? क्षमा शाळेत गेली का?’ तिन्ही मी वाचली आणि ट्रंकेत माझ्या लग्नाच्या शालूखाली घातली. पंचमीला भावासाठी पाठवलेला हळदीचा दोराही तिथेच. वर तुम्हाला लिहिलं, पत्रं वाचून फार आनंदले. एवढं कुणी सावत्रपणाने वागत नाही.

आता मंगळवारचं. मी देवपूजेला बसले होते. बाहेर आले तर ओटा रिकामा. कोपऱ्यावर धावले, तर हे पार पुढे गांधीबाजाराकडे चाललेले, पायात चप्पल नाही, खांद्यावर तुमची भाजीची पिशवी. श्रावणातला मंगळवार, फुलांना केवढी गर्दी. गर्दी कापत मी पळत होते, सोवळ्याचं भान नाही, पदराचं नाही. हे रस्ता ओलांडायला निघाले आणि वळणावरून बस आली. भोंगा वाजला, पण तो आपल्यासाठी आहे हे यांना कळलंच नाही. मी जीव तोडून ओरडले, “अहो! अहो!”

अक्का, छत्रीवाला एक कारकून वळला. नारळवाला वळला. भस्म लावलेले एक म्हातारे वळले. गांधीबाजारातले झाडून सगळे नवरे वळले, माझा सोडून.

मग मी ओरडले, “हयू!”

कसं आलं तोंडात ते माहीत नाही. हयवदनराव नाही, दुसरं काही नाही, तुमचंच. हे थांबले. एक पाय रस्त्यावर, एक वर. बस अंगावर धुरळा उडवून निघून गेली. मी जाऊन दंड धरला. हे वळले ते सबंध तोंड फुलून आलेलं, गेल्या सात आठवड्यांत असं तोंड मी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि म्हणाले, “अक्का?”

पहिल्या क्षणी आनंदच झाला, देवाशप्पथ. दुसऱ्या क्षणी वाटलं, बस माझ्या अंगावरून गेली असती तरी चाललं असतं. हाक माझी, जीव माझा कासावीस झालेला, जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं ते भर बाजारात, आणि त्यातूनही यांना तुम्हीच ऐकू आलात. घरापर्यंत हे सारखे मागे वळून बघत होते. “अक्का? अक्का?” मी म्हटलं, “येतील.” माझ्या तोंडून ते निघून गेलं आणि आता खरं करायला तुमच्यापुढे हात पसरते आहे.

रघुपतराव विषमज्वराने गेले. नाव घेतल्याने माणूस मरत नाही हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. ठाऊक असून बोलले, कारण तुम्हाला लागेल असं दुसरं काही माझ्यापाशी नव्हतं. याची क्षमा मागायला शब्द नाहीत, म्हणून मागत नाही. तुम्ही द्यावी असंही मी म्हणणार नाही.

काल तिन्ही पत्रं यांच्या हातात दिली आणि दोरा मनगटाला बांधला, तुमच्या वतीने. यांनी एकेका ओळीखाली बोट फिरवलं. वाचता आलं की नाही कळलं नाही, पण पत्रं सदऱ्याच्या खिशात आहेत आणि सदरा धुवायला देत नाहीत.

डॉक्टरांचं वर्ष भरायला तीन महिने उरलेत. त्यातले सात आठवडे मी वाया घालवून बसले आहे. हे तुमचं माहेर आहे, अक्का, इथे यायला तुम्हाला माझं बोलावणं लागू नये. तरी बोलावते. शेजारच्या शेषगिरी मास्तरांना सांगून ठेवलं आहे. तुमची तार आली की तेच स्टेशनवर उतरवून घ्यायला येतील. मी आले तर तुम्ही तोंड फिरवाल आणि ते मला सोसणार नाही.

तुम्ही आलात की माझा जळफळाट थांबेल, असं वचन देत नाही. आज हे लिहितानाही तो चालूच आहे. तोंड बंद ठेवीन, एवढंच वचन देते. आणि नाव घेईन, रोज, तुमच्या देखत.

फक्त एक करा. यांना तांब्या शिकवलात, पळी शिकवलीत, वांगं शिकवलंत. या वेळी मला शिकवा. मी समोर पाटावर बसेन. तुम्ही माझ्याकडे बोट दाखवा आणि सांगा यांना, ही कोण. मी सांगून पाहिलं, मला ‘बाई’च म्हणतात. तुम्ही सांगितलंत तर यांना पटेल.

तुमच्या भावाची बायको,
वसुमती