भरवशाचा ब्रेडबोर्ड

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७
नवी वही, नवा संकल्प. शिरोलीच्या ज्या फाउंड्रीत बाबा एकवीस वर्षं ओतकाम करतात, तिथल्या धैर्यशीलसाहेबांनी त्यांना सांगितलंय, तुझी पोरगी इलेक्ट्रॉनिक्सची बीएस्सी झालीया नव्हं, मग शेडमध्ये गॅस साठला की वाजणारा अलार्म करून आणू दे. एक डिसेंबरला दाखवायचा. जमला तर मेंटेनन्सला घेतो.

गेल्या महिन्यात शेडमध्ये दोघे चक्कर येऊन पडले. बाबांचं डोकं रोज संध्याकाळी दुखतं. आई म्हणते, उन्हानं. (शेडला छप्पर आहे.)

म्हणजे ही नुसती नोकरी नाही, कार्य आहे. सर्किट दोन दिवसांचं काम. खरा प्रश्न पायाचा, म्हणजे ब्रेडबोर्डचा. सोल्डरिंग न करता छिद्रांत वायरी खोचायची ही पांढरी पाटी भरवशाची नसेल तर ज्ञान काय करणार? आधी बोर्ड. बाकी सगळं नंतर.

५ नोव्हेंबर
बोर्ड नं. १ ची तपासणी. बोर्डाच्या कडेला छापलेल्या लाल रेघेच्या डाव्या टोकाला सप्लाय दिला आणि रेघेलगतच्या एकेका छिद्रात एलईडी लावून पाहिला. पंचवीस छिद्रांपर्यंत उजेड. सव्विसाव्यापासून अंधार. नापास.

लोक अशा बोर्डांवर प्रोजेक्ट करतात!

८ नोव्हेंबर
शाहूपुरीतल्या दुकानात गेले. विश्वजित नावाचा मुलगा काउंटरवर होता. बोर्ड परत केला, कारण लेखी दिलं. तो म्हणाला, मॅडम, ते मधी काय असतंय बघा... मी थांबवलं. म्हटलं, मी पदवीधर आहे. तो म्हणाला, बरं बरं, मग ऱ्हाऊ दे. वेगवेगळ्या कंपन्यांचे पाच आणले.

रात्री सगळे तपासले. सगळे सव्विसाव्याला मेले.

११ नोव्हेंबर
आईनं टेबल पुसताना बोर्ड हातात घेतला आणि म्हणाली, बाय, ही लाल रेघ मधीच तुटलीया गं. तिला छपाई आणि विद्युतप्रवाह यातला फरक शांतपणे समजावला. ती म्हणाली, मला काय कळतंय, पण समद्याच तुटल्यात. निरीक्षणशक्ती चांगली आहे आईची. शिकली असती तर!

तरी मुद्दा टिपून ठेवला: ज्यांना साधी रेघ सलग छापता येत नाही, त्या कंपन्या आतला वीज नेणारा पत्रा काय नीट बसवणार?

१६ नोव्हेंबर
एकूण नऊ बोर्ड. आठ नापास, सगळे एकाच जागी. हा योगायोग नाही. अख्ख्या उद्योगानं ग्राहकाला अर्ध्या बोर्डावर फसवलंय. यावर पेपर लिहायचा. शीर्षक ठरलं, पहिला परिच्छेदही झाला. सुंदर झालाय.

सर्किटला अजून हात लावलेला नाही. घाई नाही.

२१ नोव्हेंबर
साहेबांनी बाबांना विचारलं, झालं का? बाबा म्हणाले, पोरगी पाया घालाय लागलीया. तेव्हापासून पाळीवरचे लोक त्यांना रोज विचारतात, गणपा, स्लॅब कवा? बाबा हे हसत सांगतात. मी त्यांना म्हटलं, हसू द्या.

२४ नोव्हेंबर
थोडी अस्वस्थता. कॉलेजात चौघांच्या ग्रुपमध्ये बाकी तिघं बोर्डवर काम करायची. मी जर्नल लिहायचे, माझं अक्षर चांगलं म्हणून. पण जर्नल लिहिणाऱ्यालाच सगळं नीट समजतं. अस्वस्थता गेली.

२८ नोव्हेंबर. रात्री १०
निर्णय! बोर्ड नं. ७. याची तपासणी करायची राहून गेली होती. म्हणजे नऊमध्ये नापास न झालेला हा एकमेव बोर्ड.

रेघ यालाही तुटकीच, पण साहेबांसमोर न्यायचा तर दिसायला नीट हवा. लाल मार्करनं जोडली. आता नव्यासारखा दिसतो.

डाव्या बाजूला सप्लाय आणि हिरवा दिवा. उजव्या बाजूला गॅस सेन्सर आणि बझर. दिवा लगेच लागला! बझर गप्प, कारण घरात गॅस नाही. आई म्हणाली, शेगडीपाशी धरून बघ की. मी नको म्हटलं. स्वयंपाकघर ही प्रयोगशाळा नाही.

१ डिसेंबर, सोमवार
सकाळी ११. शेड. साहेब, बाबा, बाबांची सगळी पाळी. हिरवा दिवा लागला. टाळ्या. साहेबांनी सेन्सरपाशी लायटरचा गॅस सोडायला लावला. काही नाही. पुन्हा सोडला. काही नाही. कुणीतरी म्हणालं, गणपा, तुझा अलार्म लाजतोय की रं! सगळे हसले. बाबापण हसले. ते हसले नसते तर बरं झालं असतं.

भोंगा झाला, सगळे ओतकामाला गेले.

उरलो आम्ही तिघं. साहेब, मी आणि मेंटेनन्सचे गुंडूकाका, सातवी पास. काकांनी बोर्ड डोळ्यांपाशी नेला. म्हणाले, आवो मॅडम, हे बोर्ड मधी तोडलेलंच असत्यात, म्हणून तर रेघ तुटकी छापत्यात. पलीकडं लाईट न्यायची तर वायर टाकाय लागती. तुम्ही हे कशानं जोडलंसा?

मी म्हणाले, मार्करनं.

काका हसले नाहीत. बोटभर वायर खोचली.

मिनिटभरात अलार्म वाजला. लायटर केव्हाच काकांच्या खिशात गेला होता. अलार्म वाजतच राहिला. भट्टीच्या आवाजात पलीकडे कुणाला ऐकू गेलं नाही. साहेबांनी एकदा शेडकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. म्हणाले, असं वाजाय लागलं तर काम कवा करायचं? गुंडू, काढ ती वायर.

काकांनी काढली.

साहेब म्हणाले, हिरवा दिवा झ्याक हाय, तेवढा ऱ्हाऊ दे. पुढच्या आठवड्यात सरकारी तपासणी हाय. भिंतीला लावा. आणि मॅडम, तुम्ही उद्यापासनं या.

संध्याकाळी बाबांना सांगितलं, तुम्ही गेल्यावर वाजला. खोटं नाही.

२ डिसेंबर
नोकरीचा पहिला दिवस. आत शिरल्याशिवाय व्यवस्था बदलता येत नाही. वायर नंतर टाकता येईल. योग्य वेळी.

९ डिसेंबर
तपासणी झाली. अधिकाऱ्यांनी हिरवा दिवा बघितला, नोंद केली, चहा घेतला.

बाबा हल्ली त्या बोर्डाखाली बसूनच भाकरी खातात. येईल त्याला दाखवतात, आमच्या दीक्षानं केलाय. स्लॅबचं आता कुणी विचारत नाही.

आज घरी आल्यावर डोकं दाबत म्हणाले, आठ दिस झालं, एकदा बी वाजला न्हाय. म्हंजी हवा चांगली हाय नव्हं?

मी म्हणाले, व्हय.

लाल रेघ अजून सलग दिसते. मार्कर चांगल्या कंपनीचा होता.